‘एंगेजमेंट’चा घोळ : नाशिकच्या अभ्यासिकांतल्या वादाची पार्श्वभूमी

नाशकातलं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं. पोरांचं लक्ष लागत नाही ही तक्रारही बहुधा तितकीच जुनी. कादंबरी, सिनेमा, केबल यांच्या नावानं बोटं मोडून झाली आहेत. अभ्यासिकेत फोन आत न्यायचा की बाहेर ठेवायचा, या आताच्या वादाचं मूळ मात्र सप्टेंबर २०१६ मध्ये आहे. एक जीबी महिनाभर पुरवून वापरणारी मुलं डेटा स्वस्त होताच तेवढा एका दिवसात संपवू लागली. २९ जून २०२० ला लोकप्रिय चिनी व्हिडिओ अ‍ॅपवर बंदी आली, पण सवय तशीच राहिली. जुलैत रील्स आल्या, सप्टेंबरात शॉर्ट्स. कॉलेजं बंद होती आणि तासही त्याच फोनवर भरत होते.

खरा घोळ ‘एंगेजमेंट’ या शब्दात आहे. (आपल्याकडे त्याचा पहिला अर्थ साखरपुडा, तो सोडून देऊ.) शिकवणाऱ्यांच्या लेखी एंगेजमेंट म्हणजे मुलगा विषयात मनानं किती उतरला. कंपन्यांच्या लेखी लाइक, कमेंट आणि तो किती वेळ थांबला. २०१२ साली एका बड्या व्हिडिओ संकेतस्थळानं शिफारशींसाठी क्लिकपेक्षा पाहण्याच्या वेळाला जास्त वजन दिलं. फसव्या थंबनेलना आळा घालायचा होता, हेतू वाईट नव्हता. पण ‘थांबला म्हणजे रमला’ हा हिशेब तिथून घट्ट झाला, आणि माझ्या मते गाडी तिथंच घसरली.

कारण १९७५ साली एका मानसशास्त्रज्ञानं बुद्धिबळ खेळणारे, कडे चढणारे अशांकडून तल्लीनतेची जी लक्षणं गोळा केली, त्यांत वेळेचं भान हरपणं होतं, तसंच अंगच्या कौशल्याचा कस पाहणारं आव्हानही होतं. रील्समध्ये भान हरपतं, कस कशाचाच लागत नाही. मराठीत याला तंद्री म्हणतात.

फोन नुसता टेबलावर असला तरी डोकं मंदावतं, असा निष्कर्ष २०१७ च्या एका प्रयोगातून निघाला. नंतरच्या काही प्रयोगांत तसं आढळलं नाही. तरीही कॉलेज रोड, गंगापूर रोडकडच्या अभ्यासिकांत ‘फोन बाहेर’चा आग्रह धरणाऱ्यांना हाच आधार पुरतो. एमपीएससीवाल्या मुलांचं म्हणणं साधं आहे : नोट्स टेलिग्रामवर, लेक्चर यूट्यूबवर, मग बाहेर काय ठेवायचं?