पहिलं चित्र विकायला काढताना: किंमत, माउंट, फ्रेम आणि पावती

आमच्या फ्रेमिंगच्या दुकानात येणाऱ्या तरुण चित्रकारांसाठी आणि त्यांच्या आई-वडिलांसाठी

कोल्हापुरात चित्रं काढणाऱ्या मुलांची वाण नाही. रविवारी सकाळी रंकाळ्याच्या कठड्यावर, पंचगंगेच्या घाटावर, पन्हाळ्याच्या तटाजवळ मांडीवर बोर्ड घेऊन बसलेलं कुणी ना कुणी दिसतंच. त्यांतली बरीच मुलं कधी ना कधी आमच्या काउंटरवर येतात. हे माहितीपत्रक लिहायला कारण झालं ते असंच एक पोरगं. त्यानं घाटाचं जलरंगातलं चित्र फ्रेम करून घेतलं होतं. पायऱ्यांवरची सकाळची ओल अशी उतरली होती, की आमच्या कारागिरानं काच बसवायच्या आधी दोनदा पाहिलं. शेजारी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकानं विचारलं, "केवढ्याला देणार?" पोराची मान खाली गेली. "तुम्हीच सांगा की, काय द्यायचं ते." गिऱ्हाईक म्हणालं, पाचशे. पोरगं हो म्हणालं. फ्रेमचं बिल अकराशे रुपये झालं होतं.

गिऱ्हाइकाचं त्यात काही चुकलं नाही. त्याला किंमत सांगा म्हटलं, त्यानं सांगितली. चुकलं ते एवढंच, की चित्रकाराजवळ स्वतःचा आकडा नव्हता. तो कागदावर मांडून आणलेला असावा, म्हणून हा सगळा खटाटोप.

आकडा कुठून आणायचा

त्याच चित्राचा हिशेब करू. आकार १५×२२ इंच, म्हणजे इंपिरियल कागदाचा अर्धा ताव. खालचे दर समजण्यापुरते धरले आहेत. तुमचे तुम्ही घाला.

तीनशे जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कॉटन कागद अर्धा ताव, २०० रुपये. रंग, ब्रशची झीज, मास्किंग टेप मिळून १५०. घाटावर जायचा-यायचा, चहाचा खर्च १००. वेळ घाटावर दोन तास आणि घरी सहा, एकूण आठ. तासाला १५० धरले तर १,२००. बेरीज १,६५०.

इथं बहुतेक जण थांबतात, आणि इथंच सगळ्यात मोठी गळती आहे. जलरंगाची चार चित्रं केली, तर त्यांतलं एक फुकट जातं. पाणी जास्त होतं, आकाश चिखल होतं, आणि तो कागद पलटून आपण त्यावर रंगाचे ठिपके तपासायला घेतो. त्या फुकट गेलेल्या चित्राचा कागद आणि आठ तास कुणी द्यायचे? चांगल्या तीन चित्रांनीच. म्हणून १,६५० ला चारनं गुणा, तीननं भागा: २,२००. तुमची हीच तळाची किंमत. याखाली गेलात तर पदरचे पैसे घालून चित्र दिलं असं समजा.

आता प्रत्येक चित्रासाठी असा हिशेब करत बसायची गरज नाही. चित्राची लांबी आणि रुंदी यांची बेरीज करा. पंधरा आणि बावीस, सदतीस. २,२०० ला ३७ नं भागलं की इंचाला साधारण ६० रुपये पडतात. हा तुमचा तळाचा दर. पुढच्या चित्रांना हाच लावायचा.

पुष्कळ जण चौरस इंचावर किंमत लावतात. ती पद्धत चूक नाही, पण नवीन माणसाला ती दोन्हीकडून मारते. याच चित्राचा चौरस इंचाचा दर पावणेसात रुपयांच्या आसपास येतो. त्यानं ५×७ चं छोटं चित्र २३५ रुपयांना जातं, आणि पूर्ण ताव, म्हणजे २२×३०, साडेचार हजारांच्या घरात जातो. छोट्यात मेहनत बुडते, मोठं विकलं जात नाही. बेरजेच्या हिशेबानं छोटं ७२० रुपयांना आणि पूर्ण ताव ३,१२० ला बसतो. काउंटरवर इतकी वर्षं चित्रं जाताना पाहिली, त्यावरून सांगतो, हे आकडे गिऱ्हाइकाच्या गळी सहज उतरतात.

गॅलरीचं कमिशन

गॅलऱ्या विक्रीवर साधारण तीस ते पन्नास टक्के घेतात. त्या बदल्यात भिंत, दिवे, निमंत्रणं आणि त्यांची माणसं मिळतात, तेव्हा त्यात लूट नाही. फसवणूक होते ती आपल्याच गणितात. चित्र २,२००, फ्रेम १,१००, हातात ३,३०० यायला हवेत, कमिशन चाळीस टक्के. मुलं काय करतात, ३,३०० वर चाळीस टक्के चढवतात आणि ४,६२० लिहितात. पण गॅलरी कापते ते ४,६२० चे चाळीस टक्के, म्हणजे १,८४८. हातात येतात २,७७२. सव्वापाचशे रुपये गेले. बरोबर रीत अशी: ३,३०० ला साठनं भागा, शंभरानं गुणा. ५,५०० येतात. फ्रेमवरही कमिशन लागतं, हे त्यात आलंच.

मग घरून विकताना स्वस्त द्यायचं का? नाही. यावर आमचं मत ठाम आहे. ज्यानं शाहू स्मारक भवनात प्रदर्शन पाहून ५,५०० दिले, त्याला पुढच्या आठवड्यात कळलं की तुमच्या घरी तेच चित्र ३,३०० ला मिळत होतं, तर ते गिऱ्हाईकही गेलं आणि गॅलरीही. पुढच्या दोन वर्षांत प्रदर्शनाचा विचार असेल, तर पहिल्या दिवसापासून इंचाला १०० चाच दर ठेवा (६० भागिले ०.६). घरून विकता तेव्हा फोन घेणं, फोटो पाठवणं, पॅकिंग, पोचवणं हे गॅलरीचं काम तुम्हीच करता. वरचे पैसे त्याचे.

सूट द्यायचीच तर दहा टक्के, आणि ती कुणाला ते आधी ठरवलेलं असावं: दोन चित्रं एकदम घेणारा, पूर्वी घेतलेला. मामा, काका, आईच्या भिशीतल्या मैत्रिणी यांच्या बाबतीत आम्ही एकच सांगतो. द्यायचं तर भेट म्हणून पूर्ण द्या, मागे नाव आणि ‘सप्रेम भेट’ लिहा. निम्म्या किमतीत देऊ नका. भेटीनं दर खाली येत नाही. निम्म्या किमतीची बातमी मात्र लग्नाच्या पंगतीत फिरते.

दर वर्षातून एकदा वाढवावा, दहा-पंधरा टक्क्यांनी, आणि तोही निम्मी चित्रं विकली जात असतील तरच. खाली कधी आणू नये. वर्तमानपत्रात नामवंत चित्रकार वासुदेव गायतोंड्यांच्या चित्राला कोट्यवधी मिळाल्याची बातमी येते तेव्हा दोन-तीन पालक तरी कात्रण घेऊन येतात. त्या लिलावाचा आणि तुमच्या पहिल्या वर्षाच्या दराचा काही संबंध नाही. त्यानं हुरळूही नये, हिरमुसूही नये.

तैलरंग महाग आणि जलरंग स्वस्त, असंही समजू नका. हातात दिवा धरलेल्या स्त्रीचं ‘ग्लो ऑफ होप’ हे सावंतवाडीच्या एस. एल. हळदणकरांचं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. ते जलरंगात आहे. किती तरी लोक ते राजा रविवर्म्याचं तैलचित्र समजून पाहतात. माध्यमाचं तेज असं, आणि चित्रकाराचं नाव निसटतं ते असं. म्हणून सही समोर, वाचता येईल अशी करा.

माउंट आणि काच

हे आमचं रोजचं काम, म्हणून इथं थोडं सविस्तर.

आमच्या धंद्याच्या सुरुवातीच्या काळात एका बाईंनी मुलीचं जलरंगातलं चित्र आणलं. माउंट (चित्राभोवती बसवायची पुठ्ठ्याची चौकट) नको, खर्च वाढतो, म्हणाल्या. आम्ही चित्र थेट काचेला लावून फ्रेम करून दिलं. दोन पावसाळे गेले. त्या फ्रेम घेऊन परत आल्या तेव्हा आतून काचेला घाम धरलेला, निळ्या आकाशावर करड्या बुरशीचे ठिपके, आणि एका कोपऱ्यात कागद काचेला चिकटलेला. सोडवायला गेलो तर रंगाचा पापुद्रा काचेवरच राहिला. ते चित्र आम्हाला भरून देता आलं नाही. तेव्हापासून कागदावरचं चित्र आम्ही काचेला टेकवत नाही, गिऱ्हाईक कितीही म्हणालं तरी.

माउंटचं खरं काम हे आहे. तो चित्र आणि काच यांच्यात हवेची फट ठेवतो. दिसायला छान, हा वरचा फायदा. ११×१५ च्या चित्राला चारी बाजूंनी अडीच इंच माउंट दिला की बाहेरचा आकार बरोबर १६×२० होतो. तयार मापाची फ्रेम बसते, पैसे वाचतात. रंग पांढरा किंवा मोतिया घ्या. चित्रातल्या साडीशी जुळणारा लाल माउंट मागू नका. नजर आधी माउंटवर जाते.

माउंट बोर्ड ॲसिड-फ्री, म्हणजे आम्ल नसलेला, आहे का, हे विचारून घ्या, आम्हालाही विचारा. साध्या बोर्डाची कापलेली तिरकी कड काही वर्षांत तपकिरी पडते आणि तोच डाग चित्राच्या कडेला लागतो. चित्र माउंटला सेलोटेपनं चिकटवून आणू नका. टेपचा गोंद पिवळा होऊन कागदात मुरतो, तो निघत नाही. पातळ जपानी कागदाच्या दोन पट्ट्या आणि गव्हाच्या खळीनं फक्त वरच्या कडेला टांगायचं. खालची बाजू मोकळी. पावसाळ्यात कागद फुगतो, त्याला जागा लागते. चारी बाजूंनी चिकटवलं की लाटा येतात.

कॅनव्हासला काच नको. कडा रंगवलेल्या असतील तर फ्रेमशिवायही चालतो. तैलरंगाला शेवटचं व्हार्निश घाईनं मारू नका. जाड रंग आतून वाळायला सहा महिने ते वर्ष लागतं. कॅनव्हास गुंडाळायचाच झाला तर रंगाची बाजू बाहेर ठेवून, मोठ्या व्यासाच्या नळीवर. आत ठेवून गुंडाळला की रंगाला सुरकुत्या पडून तडे जातात. बबल रॅप थेट रंगावर गुंडाळू नका, फुग्यांचे गोल छाप उठतात. आधी ग्लासिन, म्हणजे गुळगुळीत पातळ कागद.

फ्रेम अशी घ्या की सगळ्या चित्रांना एकच पट्टी असेल. दहा चित्रांना दहा तऱ्हेची मोल्डिंग लावलेलं प्रदर्शन दुकानासारखं दिसतं. साधी, पाऊण इंची, काळी किंवा लाकडी रंगाची पट्टी कोणत्याही घरात बसते.

चित्राबरोबर काय द्यायचं

मागच्या बाजूला पेन्सिलीनं नाव, शीर्षक, माध्यम, आकार आणि साल लिहा. आकारात उंची आधी, रुंदी नंतर. प्रदर्शनात हेच लेबलवर येतं, आणि त्याखाली किंमत. किंमत लिहायला लाजू नका. न लिहिलेली किंमत विचारायला गिऱ्हाईकही लाजतं आणि पुढे जातं. विकलं गेलं की लेबलवर लाल टिकली लावायची. पहिली टिकली लागली की बाकीच्या चित्रांकडे लोक वेगळ्या नजरेनं बघतात, हे आम्ही पाहिलं आहे.

पावती द्याच, साध्या बिलबुकातली चालेल. त्यावर एक ओळ लिहा: ‘चित्र विकले आहे, पुनर्मुद्रणाचे हक्क चित्रकाराकडे राहतील.’ १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्र विकल्यानं कॉपीराइट आपोआप विकला जात नाही. घेणाऱ्यानं ते भिंतीवर लावावं, नातवाला द्यावं, पुन्हा विकावं. त्याची कॅलेंडरं छापायची तर तुम्हाला विचारावं लागतं. हे आधी प्रेमानं सांगितलं की पुढे वाद होत नाहीत.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी. इंटरनेटवरच्या कुणाच्या फोटोवरून किंवा चित्रावरून केलेलं काम सरावासाठी ठेवा. स्वतःचं म्हणून विकू नका. आणि प्रिंटला प्रिंट म्हणा. रविवर्म्यानं १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं घरोघरी पोचली. ती छापील आहेत हे घेणाऱ्याला ठाऊक होतं, म्हणून त्यात कमीपणा नव्हता. तुम्हीही मूळ चित्र एक आणि प्रिंट पंचवीस काढल्या तर प्रत्येकीवर १/२५, २/२५ असं लिहा, आणि सव्विसावी काढू नका.

रंगांबद्दलही खरं सांगा. ट्यूबवर टिकाऊपणाची खूण असते, ती वाचा. अलिझरिन क्रिमझनसारखे काही गुलाबी-लाल रंग उन्हात उडतात. स्केचपेननं केलेलं चित्र तर खिडकीसमोर वर्ष-दोन वर्षांत फिकं होतं. ‘समोरून ऊन येणाऱ्या भिंतीवर लावू नका’ एवढं पावतीमागे लिहून दिलंत तर गिऱ्हाईक तुमचं नाव लक्षात ठेवतं.

फोटोवरून पोर्ट्रेट करून देण्याची ऑर्डर असेल तर निम्मे पैसे आधी घ्या, आणि बदल एकदाच, तोही पेन्सिलीच्या रेखाटनावर, हे आधी बोलून घ्या. रंग लागल्यावर ‘नाक जरा बारीक करा’ चालत नाही.

आमच्याकडे येताना

फोटो आधी काढून घ्या. काच बसल्यावर ट्यूबलाइट चमकते आणि फोटो वाया जातो. दिवसाउजेडी, सावलीत, चित्र उभं ठेवून बरोबर समोरून, फ्लॅश बंद.

चित्र गुंडाळून आणू नका. दोन सपाट पुठ्ठ्यांमध्ये ठेवून आणा. पूर्ण वाळलेलं असू द्या; जून ते सप्टेंबर आम्ही कागद दोन दिवस दुकानात बल्बच्या उबेला ठेवतो आणि मगच बंद करतो, तेवढा वेळ धरून या. प्रदर्शन असेल तर उद्घाटनाच्या पंधरा दिवस आधी माप द्या. दहापेक्षा जास्त फ्रेम एका मापाच्या असतील तर विद्यार्थ्यांना दर कमी लावतो. कॉलेजचं ओळखपत्र आणा.

आणि हिशेबाचा कागद बरोबर असेल तर काउंटरवर दाखवा. फ्रेमचा आकडा आम्ही त्यात भरून देतो, बेरीज तुमच्यासमोर करतो. घाटाचं चित्र काढणारं ते पोरगं गेल्या महिन्यात असाच कागद घेऊन आलं होतं. पूर्ण ताव, रंकाळ्यावरची संध्याकाळ. शेजारच्या गिऱ्हाइकानं विचारल्यावर त्यानं कागदाकडे न बघता सांगितलं, "बिनफ्रेमचं बावन्नशे."