दवाखाना कोणाच्या ताब्यात? बेळगाव सीमाभागातील आरोग्य प्रशासनाची पार्श्वभूमी

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेला, तेव्हा त्यातला चंदगड तालुका तेवढा मागे राहिला आणि कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. दप्तरे वाटली गेली, रुग्णांची वाट मात्र मोडली नाही. चंदगडचा माणूस अडलेले बाळंतपण घेऊन आजही बेळगाव गाठतो, तर अथणी-रायबागचा माणूस मिरजेला जातो, जिथे डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिशन इस्पितळ सुरू केले होते. रुग्ण असा सोयीने चालत असताना सरकारी दवाखान्याचा कारभार मात्र गेल्या शंभराहून अधिक वर्षांत अनेकदा हात बदलत आला आहे, आणि आरोग्य व्यवस्थापनातील सुधारणांचा इथला इतिहास हा मुख्यतः या हस्तांतरांचा इतिहास आहे.

लॉर्ड रिपन यांच्या स्थानिक स्वराज्याविषयीच्या १८८२ च्या ठरावानंतर १८८४ साली मुंबई इलाख्यात लोकल बोर्डांचा कायदा झाला आणि खेड्यापाड्यांतील दवाखान्यांचा भार या बोर्डांकडे आला. जिल्ह्याच्या ठिकाणचे इस्पितळ सिव्हिल सर्जनच्या, म्हणजे थेट सरकारच्या हाताखाली राहिले. बेळगावात लोक त्याला अजून ‘सिव्हिल’च म्हणतात. उपचार करणारे खाते वेगळे आणि स्वच्छता व साथी पाहणारे खाते वेगळे, अशी दुसरी फाळणीही त्याच काळातली. देवीची लस बेळगावच्याच व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटमध्ये तयार होत असे, पण ती टोचणारा खात्याचा माणूस आणि ताप आलेल्याला औषध देणारा डॉक्टर यांचे वरिष्ठ निराळे असत.

सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली १९४३ साली नेमलेल्या समितीने १९४६ च्या अहवालात नेमके या दुभंगावर बोट ठेवले आणि उपचार व प्रतिबंध एकाच छताखाली आणणाऱ्या प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना मांडली. पहिल्या टप्प्यात ४०,००० लोकांमागे एक केंद्र असावे, असा तिचा हिशेब होता. १९५२ पासून सामूहिक विकास योजनेतून अशी केंद्रे उभी राहू लागली. पुढे सपाट प्रदेशात ३०,००० आणि डोंगराळ भागात २०,००० लोकसंख्येचा निकष ठरला. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या जंगलपट्टीत हा फरक कागदापुरता उरतो, कारण तिथे केंद्राचे अंतर माणसे मोजून नव्हे, तर पावसाळ्यात ओढ्याला किती पाणी आहे यावरून ठरते.

याच सुमारास सीमेच्या दोन बाजूंचे रस्ते वेगळे झाले. महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण आरोग्य केंद्रे त्यांच्याकडे गेली; म्हैसूर राज्यात ती राज्याच्या खात्याकडेच राहिली. कारकुनाच्या बदलीपासून औषधांच्या मागणीपर्यंतचा कागद बंगळूरला जायचा. हे अंतर सुमारे पाचशे किलोमीटरचे आहे, आणि प्रशासनात ते त्याहून लांब पडते.

कर्नाटकाने १९८३ साली संमत केलेला आणि १९८७ च्या निवडणुकांनंतर अमलात आलेला जिल्हा परिषद कायदा म्हणूनच इथल्या कथेतला सर्वांत धाडसी टप्पा ठरतो. मंत्री अब्दुल नजीर साब यांच्या आग्रहातून आलेल्या या व्यवस्थेत जिल्हा परिषदेच्या अध्यक्षाला राज्यमंत्र्याचा दर्जा होता, आणि परिषदेचा मुख्य सचिव सेवाज्येष्ठतेने जिल्हाधिकाऱ्याच्या वर असे. आरोग्य केंद्रातील डॉक्टर आणि नर्सबाई कामावर येतात की नाहीत, हे विचारणारा माणूस प्रथमच जिल्ह्यातला होता. गैरहजेरी कमी झाल्याचे त्या काळच्या अभ्यासकांनी नोंदवले. पण डॉक्टरांची नेमणूक आणि बढती राज्याच्याच हाती राहिली. म्हणजे जाब विचारण्याचा अधिकार एकाकडे आणि लगाम दुसऱ्याकडे. पहिल्या परिषदांची मुदत संपल्यावर वेळेत निवडणुका झाल्या नाहीत, प्रशासक बसले, आणि १९९३ च्या नव्या पंचायत राज कायद्यात जिल्ह्याची ती जुनी ताकद परत आली नाही. माझ्या मते खरी संधी इथेच हुकली.

त्यानंतरच्या सुधारणांचे बोलणे बाहेरून आले. ब्रिटनमध्ये १९८३ साली रॉय ग्रिफिथ्स या किराणा-व्यापारातल्या व्यवस्थापकाने राष्ट्रीय आरोग्य सेवेला जबाबदार व्यवस्थापक नेमण्याचा सल्ला दिला होता. जागतिक बँकेच्या १९९३ च्या अहवालाने खर्चाची परिणामकारकता मोजण्याची भाषा रूढ केली, आणि १९९६ साली बँकेच्या कर्जातून कर्नाटकात जिल्हा व तालुका रुग्णालयांच्या सुधारणेचा प्रकल्प सुरू झाला. इमारती व यंत्रे आली, आणि रुग्णांकडून घेतलेले शुल्क रुग्णालयानेच वापरण्याची पद्धतही आली. राज्य सरकारने नेमलेल्या, डॉ. एच. सुदर्शन यांच्या आरोग्यविषयक कृतिदलाने २००१ च्या अहवालात भ्रष्टाचाराला आणि प्रादेशिक विषमतेला नाव घेऊन स्थान दिले, ही त्या दशकातली सर्वांत स्पष्ट सरकारी कबुली होय.

२००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने आशा कार्यकर्ती, आरोग्य रक्षा समिती आणि आरोग्य केंद्राच्या हाती थोडा मोकळा निधी दिला. त्याच सुमारास बेळगावचे जिल्हा रुग्णालय नव्या स्वायत्त वैद्यकीय संस्थेशी जोडले गेले आणि वैद्यकीय शिक्षण खात्याच्या छायेत गेले. तालुक्यांची रुग्णालये मात्र आरोग्य खात्याकडेच आहेत. शस्त्रक्रियांचे विमा-पैसे २०१८ पासून ‘आयुष्मान भारत – आरोग्य कर्नाटक’ योजनेतून सरकारी ट्रस्टमार्फत येतात. परिणामी एकाच आवारात कायम डॉक्टर खात्याचा, नर्स अभियानाच्या कंत्राटावरची, औषधे राज्याच्या खरेदी यंत्रणेची आणि दाव्याचा कागद ट्रस्टचा अशी स्थिती झाली. जुने थर न काढता नवे थर चढवत गेल्यावर तक्रार कोणत्या दारात न्यायची, हे तालुका आरोग्य अधिकाऱ्यालाही चटकन सांगता येत नाही.

सीमाभागात या गुंत्याला भाषेची आणखी एक गाठ आहे. राज्य पुनर्रचनेनंतर ठरलेल्या भाषिक संरक्षणांनुसार एखाद्या तालुक्यात किंवा जिल्ह्यात १५ टक्क्यांहून अधिक लोक अल्पसंख्य भाषेचे असतील, तर महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही द्यायच्या असतात. तरी आरोग्य सुधारणांच्या मोजमापात खाटा, प्रसूती आणि खर्च यांना जसे रकाने मिळाले, तसा रुग्णाला केसपेपर वाचता येतो का, याला मिळाला नाही. २०२३ साली महाराष्ट्राने आपली महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातील, म्हणजे महाराष्ट्राचा दावा असलेल्या, ८६५ गावांना लागू करण्याचे ठरवले आणि कर्नाटकाने त्याला हरकत घेतली. या वादात दोन्ही सरकारे कोणाचे कार्ड चालेल यावर बोलली; त्या गावांतले आरोग्य केंद्र ज्याच्या ताब्यात आहे, त्याला जाब कोण विचारणार, हा १९८७ चा प्रश्न तिथे कोणी काढला नाही.