फक्त एक स्ट्राइक बाकी होता

२८ ऑक्टोबर २०११. महाराष्ट्रात भाऊबीजेची सकाळ उजाडली होती. अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात मात्र २७ तारखेची रात्र अजून सरली नव्हती. बुश स्टेडियमवर बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे तिथल्या मोसमाच्या अंतिम फेरीचा, सहावा सामना सुरू होता. नववी म्हणजे शेवटची इनिंग, दोन आउट झालेले. टेक्सास रेंजर्स ७, यजमान सेंट लुइस कार्डिनल्स ५. चार सामने आधी जिंकेल तो विजेता, आणि रेंजर्स ३–२ असे पुढे. बॅट घेऊन उभा होता डेव्हिड फ्रीज, याच शहराच्या आसपास लहानाचा मोठा झालेला. त्याच्यावर दोन स्ट्राइक, म्हणजे हुकलेले किंवा सोडलेले चांगले चेंडू, पडलेले. तिसरा पडला की खेळ खलास, आणि रेंजर्सचं पहिलंवहिलं विजेतेपद पक्कं.

पिचर नेफ्ताली फेलिझनं ताशी ९८ मैलांचा, म्हणजे जवळपास १५८ किलोमीटरचा चेंडू टाकला. फ्रीजनं तो उजवीकडे लांब उडवला. तिथला क्षेत्ररक्षक नेल्सन क्रूझ उलटा धावत सुटला, त्यानं उडीही मारली, पण चेंडू त्याच्या हातमोज्यापलीकडून जाऊन भिंतीवर आदळला. बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या थांब्यांवर, उभे असलेले दोघेही धावत घरी पोचले. ७–७.

बरोबरीमुळं जादा इनिंग आली. तिच्यात जॉश हॅमिल्टनच्या होमरनवर, म्हणजे थेट कुंपणापार मारलेल्या फटक्यावर, रेंजर्सनी पुन्हा दोन धावांची आघाडी घेतली. कार्डिनल्सनी तीही फेडली. तेव्हाही दोन आउट होते, आणि लान्स बर्कमनवर दोन स्ट्राइक होते. अकराव्या इनिंगला पहिलाच बॅटर होता फ्रीज. त्यानं होमरन मारला आणि कार्डिनल्स १०–९ नं जिंकले.

अशा सामन्यांना चमत्कार म्हणायची रीत आहे. माझी तक्रार नाही, फक्त चमत्कार नेमका किती मोठा होता ते मोजून बघावं असं वाटतं. बेसबॉलमध्ये ते बऱ्यापैकी मोजता येतं.

आधी एक गोष्ट क्रिकेटवाल्या डोळ्यांसाठी. आपल्याकडे मर्यादित षटकांच्या सामन्यात सहा चेंडूंत साठ धावा हव्या असल्या की लोक गाडी काढायला पार्किंगकडे निघतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. कबड्डीत आघाडीवरचा चढाईपटू निदान रेषा ओलांडतो, इकडेतिकडे बघतो आणि रिकाम्या हातानं परत येतो. घड्याळ त्याचं काम करत असतं. बेसबॉलमध्ये ही सोय नाही. प्रत्येक संघाला नऊ इनिंगमध्ये प्रत्येकी तीन असे २७ आउट मिळतात. सत्ताविसावा आउट होईपर्यंत चेंडू किती पडले, किती वाजले, याला काही अर्थ नाही. २०२३ पासून पिचरनं चेंडू किती सेकंदांत टाकायचा याला घड्याळ लावलंय, पण सामन्याला घड्याळ नाहीच. आघाडी घेऊन वेळ काढता येत नाही. प्रत्येक आउट घ्यावाच लागतो, आणि घेताना दार थोडं किलकिलं ठेवावंच लागतं.

ती फट केवढी असते, हे मोजायला सुरुवात केलेल्यांपैकी एक म्हणजे कॅनडाच्या संरक्षण संशोधनात काम करणारा जॉर्ज लिंडसे. त्याचे वडील, निवृत्त कर्नल, सामने ऐकत कधी काय घडलं याच्या नोंदी करत बसायचे. असे शेकडो सामने जमले. मुलानं त्यातून तक्ते बनवले: किती आउट झालेत, कुठल्या बेसवर कोण आहे, त्यावरून उरलेल्या इनिंगमध्ये सरासरी किती धावा होतात. हे त्यानं १९६३ मध्ये छापलं. युद्धातल्या निर्णयांसाठी घडलेलं गणित चेंडूफळीला लावायचं हा उद्योग तेव्हा हौशी वाटला असेल. आज प्रत्येक संघाच्या कार्यालयात त्याचीच वंशावळ बसलेली असते.

आता त्या रात्रीचा हिशेब. एका संघाच्या एका पाळीत, म्हणजे अर्ध्या इनिंगमध्ये, बहुतेक वेळा काहीच होत नाही. दहापैकी सातेक वेळा भोपळा. दोन किंवा जास्त धावा साधारण आठात एकदा होतात. कार्डिनल्सना नवव्या इनिंगला किमान दोन हव्या होत्या, दहाव्यालाही दोन. आठात एक गुणिले आठात एक म्हणजे चौसष्टात एक. हे ढोबळ आहे. समोर फेलिझसारखा वेगवान पिचर असला की संधी घटते. पुजोल्स, बर्कमन असे तगडे बॅटर ओळीनं येत असले की वाढते. शिवाय पहिल्या बरोबरीनंतर रेंजर्स पुन्हा पुढे गेलेच नसते तर दुसऱ्या पाठलागाची गरजच नव्हती. पण अंदाज यायला एवढं पुरे. चौसष्टात एक ही गोष्ट दुर्मीळ आहे, अशक्य मुळीच नाही. लागोपाठ सहा वेळा छापा पडणं तेवढंच दुर्मीळ असतं.

दुसरी एक आकडेवारी मला जास्त गमतीची वाटते. नवव्या इनिंगच्या सुरुवातीला जो संघ पुढे असतो, तो साधारण ९५ टक्के वेळा जिंकतो. हा आकडा कित्येक दशकं जवळजवळ हललेला नाही. जुन्या काळी सुरुवात करणारा पिचरच बरेचदा शेवटपर्यंत टाकायचा. नंतर शेवटच्या इनिंगपुरता खास पिचर आला, त्याचा पगार, त्याचं संगीत, त्याचा रुबाब आला. आकडा तिथंच. आणि आता उलटीकडून बघा. तीस संघ, प्रत्येकाचे १६२ सामने, म्हणजे नियमित मोसमात एकूण २४३० सामने. काही नवव्या इनिंगला बरोबरीत असतात. ते वगळून दोन हजार धरले, तरी पाच टक्के म्हणजे शंभर. मोसम सहा महिन्यांचा. म्हणजे कुठं ना कुठं, दर दुसऱ्या दिवशी, कोणीतरी शेवटच्या इनिंगला हरलेला सामना फिरवतच असतो. आपल्याला तो दिसत नाही, कारण तो मे महिन्यातल्या एखाद्या मंगळवारी अर्ध्या रिकाम्या स्टेडियमवर घडतो.

तर मग २७ ऑक्टोबरच्या रात्रीचं अवघड काय होतं? माझ्या मते अवघड होतं ते एका सेकंदाच्याही आतलं.

पिचरच्या उंचवट्यावरून होम प्लेटपर्यंतचं अंतर १८.४४ मीटर. पाऊल पुढं टाकून चेंडू सोडला जातो तो साडेसोळा-सतरा मीटरवरून. सेकंदाला ४४ मीटर वेगानं निघालेला चेंडू हवेच्या विरोधानं थोडा मंदावतो, तरी सुमारे ०.४ सेकंदात पोचतो. त्यातला बॅट फिरवण्यातच ०.१५ सेकंद जातो. मज्जातंतूंमधून संदेश जायला लागणारा वेळ धरला, तर मारायचं की सोडायचं हे ठरवायला उरतात सेकंदाचे जेमतेम दोन दशांश. चेंडूनं तोवर निम्माच रस्ता कापलेला असतो.

तोच चेंडू आणखी एक फसवणूक करतो. ०.४ सेकंदात गुरुत्वानं चेंडू सुमारे पाऊण मीटर खाली यायला हवा. पण वेगवान पिचर त्याला उलटी फिरकी देतो. मिनिटाला दोन हजारांहून अधिक फेऱ्या घेत येणाऱ्या चेंडूभोवतीची हवा खालच्या बाजूला ढकलली जाते आणि चेंडूला वर उचलते. याला मॅग्नस परिणाम म्हणतात. चेंडू अपेक्षेपेक्षा हातभर कमी पडतो, आणि बॅटरला तो वर उसळल्यासारखा वाटतो. बॅट खालून निघून जाते. रात्री बॅटर जे हवेत वार करताना दिसतात, ते बहुधा याच भासावर.

‘चेंडूवर नजर ठेव’ हे प्रत्येक प्रशिक्षक सांगतो, अगदी शिवाजी पार्कवरही. १९८० च्या दशकात टेरी बहिल या अभियंत्यानं बॅटरच्या डोळ्यांच्या हालचाली मोजल्या, आणि निघालं असं की शेवटच्या टप्प्यात हे शक्यच नसतं. होम प्लेटपासून पाचेक फुटांवर चेंडू आला की त्याचा डोळ्याला दिसणारा कोन इतक्या झपाट्यानं बदलतो की बुबुळं मागे पडतात. तिथून पुढं बॅटर पाहत नसतो, अंदाज करत असतो. २००० साली मायकेल लँड आणि पीटर मॅक्लाउड यांनी क्रिकेटपटूंवर हाच प्रयोग केला. चांगला फलंदाज चेंडू सुटताना पाहतो, मग नजर थेट टप्प्याच्या जागी नेऊन ठेवतो आणि चेंडू येण्याची वाट बघतो. कुशल खेळाडूची नजर चेंडूमागं धावत नाही, त्याच्या पुढं जाऊन थांबते.

फ्रीजच्या बॅटला चेंडू भिडला तो सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ. सुमारे १४५ ग्रॅमचा चेंडू येताना सेकंदाला चाळीस-एक मीटरनं आला आणि समजा तेवढ्याच वेगानं उलट गेला, तर त्या क्षणभरात सरासरी जवळजवळ पावणेदोन टन वजनाएवढं बल लावावं लागतं. चेंडू चपटा होतो, मग फुगतो. बॅट गोल, चेंडू गोल. बॅटचा स्पर्श थोडा इकडेतिकडे झाला तर चेंडू नुसताच उंच चढतो आणि झेल होतो. वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागानं चुकली तर चेंडू रेषेबाहेर.

आता क्रूझकडे येऊ. माझी सहानुभूती त्याच्याकडे आहे. दोन धावांची आघाडी असताना आउटफिल्डरनं भिंतीकडे सरकून उभं राहावं हा शिरस्ता. तो पुरेसा मागे नव्हता, अशी टीका नंतर झाली. पण उंच चेंडू झेलायचा म्हणजे मेंदू काय करतो, ते बघा. सेव्हिल चॅपमन या भौतिकशास्त्रज्ञानं १९६८ मध्ये एक सुंदर कल्पना मांडली. समजा, चेंडूच्या पलीकडं एक उंच इमारत आहे आणि चेंडूची प्रतिमा तिच्या मजल्यांवरून लिफ्टसारखी चढताना दिसतेय. लिफ्ट एकाच वेगानं चढत असेल तर चेंडू थेट तुमच्या हातात येणार. लिफ्ट मंदावली तर तो पुढं पडेल, पुढं धावा. वेग वाढत चालला तर तो डोक्यावरून जाणार, मागं पळा. समीकरण सोडवायची गरज नाही. लिफ्टचा वेग कायम राहील असं धावत राहायचं, बस्स. मोहल्ल्यातली पोरं गच्चीवरून येणारा चेंडू असाच झेलतात.

चेंडू बाजूला जात असेल तर त्याचा वक्र स्पष्ट दिसतो आणि ही युक्ती छान चालते. सरळ डोक्यावर येणारा चेंडू सगळ्यात वाईट. लिफ्टचा वेग वाढतोय की नाही, हे सुरुवातीला कळतच नाही. त्यात उलटी फिरकी असली तर चेंडू हवेत अपेक्षेपेक्षा जास्त वेळ तरंगतो. उजव्या हातानं खेळणाऱ्यानं उजवीकडे मारलेला चेंडू बरेचदा कडेच्या रेषेकडे वळतोही. क्रूझला चेंडू आपल्या मापात वाटला, पण तो तरंगत पुढं गेला. एवढंच झालं.

दहावी इनिंग मला त्यामानानं रुक्ष वाटते. तिच्यात एकच गंमत आहे. खेळाडू संपत आल्यामुळं कार्डिनल्सनी काइल लोश या पिचरला बॅट देऊन पाठवलं, आणि त्यानं बंट करून, म्हणजे बॅट नुसती पुढं धरून चेंडू मारला. स्वतः आउट झाला, पण बेसवरचे दोन्ही रनर एकेक बेस पुढं सरकले. लिंडसेच्या तक्त्यांनी बंटची बरीच बदनामी केली आहे: आउट देऊन बेस घेणं सरासरीत तोट्याचं ठरतं. पण ही सरासरी चांगल्या बॅटरची असते. हाती पिचरच असेल तर गणित बदलतं. पुढच्या बॅटरच्या, रायन थेरियटच्या, फटक्यावर एक धाव आली, मग बर्कमननं दुसरी आणली.

फ्रीजचं नाव अर्थातच ‘संकटात उभा राहणारा’ म्हणून कायमचं कोरलं गेलं. त्या ऑक्टोबरमध्ये, नियमित मोसमानंतरच्या सामन्यांत, त्याच्या फटक्यांवर संघाला २१ धावा मिळाल्या, तेव्हाचा तो विक्रम होता. असा वेगळा गुण खरंच असतो का, हे बेसबॉलच्या आकड्यांचा अभ्यासक रिचर्ड क्रेमर यानं १९७७ मध्ये तपासलं होतं. एका मोसमात मोक्याच्या वेळी चमकलेले खेळाडू पुढच्या मोसमातही मोक्याला चमकतात का? तसं काही ठळक दिसलं नाही. चांगला बॅटर मोक्यालाही चांगलाच असतो, पण मोक्यासाठी राखलेली वेगळी ताकद आकड्यांत सापडत नाही. मला हे फ्रीजचं कौतुक कमी करणारं वाटत नाही. दोन दशांश सेकंदात घाबरायलाही वेळ नसतो.

सातवा सामनाही कार्डिनल्सनी ६–२ असा घेतला. रेंजर्सना वर्ल्ड सिरीज जिंकायला २०२३ साल उजाडावं लागलं, आणि त्याच वर्षी त्यांच्या अडोलिस गार्सियानं २२ धावांसह फ्रीजचा तो विक्रमही मोडला.

अकराव्या इनिंगला मार्क लोव पिचिंग करत होता. तीन बॉल, म्हणजे फ्रीजनं सोडलेले बाहेरचे चेंडू, आणि दोन स्ट्राइक. फ्रीजनं मारलेला चेंडू मैदानाच्या बरोबर मधल्या टोकाला, कुंपणापलीकडच्या हिरवळीवर पडला आणि त्यावर प्रेक्षक तुटून पडले. त्या जागी खुर्च्या नसतात. पिचरच्या हातामागे पांढरे शर्ट दिसू नयेत, चेंडू सुटताना बॅटरला स्वच्छ दिसावा, म्हणून आपल्याकडच्या साइटस्क्रीनसारखी ती जागा मुद्दाम हिरवी आणि मोकळी ठेवलेली असते.