गावातल्या मुली कुठे गेल्या?

30 मार्च 1851, रविवार, शिरगणतीची रात्र. त्या रात्री इंग्लंडमध्ये जे माणूस ज्या छपराखाली झोपलं, ते त्या घरचं म्हणून मोजलं गेलं. कोरे तक्ते आधीच घरोघर वाटून झाले होते. सोमवारी प्रगणक ते गोळा करत फिरले आणि ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांचे तक्ते त्यांनीच भरून दिले. नाव, कुटुंबप्रमुखाशी नातं, लग्न झालंय का, वय, धंदा, जन्मगाव. ‘झोपलं तिथलं’ हा नियम वरवर किरकोळ वाटतो. पण लंडनमध्ये मालकिणीच्या माळ्यावर झोपणारी सोळा वर्षांची मोलकरीण त्यामुळे लंडनची ठरते. गावाकडच्या आईबापांच्या तक्त्यात ती नसते.

या शिरगणतीचे आकडे ‘रजिस्ट्रेशन डिस्ट्रिक्ट’नुसार छापले जात. डिस्ट्रिक्ट म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जिल्हा आणि कलेक्टर कचेरी येते, तसं हे नव्हे. इंग्लंड आणि वेल्समध्ये असे सहाशेहून अधिक विभाग होते, आणि सरासरी काढली तर एकात 28-29 हजार माणसं. ग्रामीण विभाग म्हणजे बाजाराचं एक मोठं गाव, भोवतीची खेडी आणि निराधारांसाठी एक वर्कहाऊस.

अशा एखाद्या विभागाचा लोकसंख्या मनोरा काढून पाहा. डावीकडे पुरुष, उजवीकडे बायका, खाली तान्ही मुलं, वर म्हातारे, आणि दर पाच वर्षांची एक पायरी. पाया चांगलाच रुंद दिसेल. 1851 साली देशातली जवळपास 35 टक्के माणसं पंधरा वर्षांच्या आतली होती आणि पासष्टीपुढची पाच टक्क्यांहून कमी. यावरून तेव्हा माणसं चाळिशीतच मरत, असा समज करून घेतला जातो, तो चुकीचा आहे. सरासरी आयुर्मान चाळिशीच्या आसपास होतं हे खरं, पण ती सरासरी खाली ओढली होती बालमृत्यूंनी. देशभरात हजारातली सुमारे दीडशे बाळं पहिला वाढदिवस पाहत नसत. खेड्यांत हे प्रमाण बरंच कमी होतं, कारण हवा आणि पाणी शहरापेक्षा स्वच्छ. म्हाताऱ्यांचा टक्का कमी दिसतो तो मुख्यतः पोरांची संख्या मोठी होती म्हणून. एका घरात सहा मुलं असतील तर एकटी आजी टक्केवारीत कितीशी दिसणार?

खरी गंमत मनोऱ्याच्या मधल्या भागात आहे. पंधरा ते तीस या पायऱ्या एकदम आखडतात, आणि बहुतेक शेतीप्रधान विभागांत उजवी बाजू डावीपेक्षा जास्त आखडते. म्हणजे तरुण मुली गायब. देशाचा एकूण हिशेब मात्र नेमका उलटा होता: ब्रिटनमध्ये पुरुषांपेक्षा बायका पाच लाखांनी जास्त भरल्या, आणि या ‘जादा’ बायकांचं करायचं काय, याची वर्तमानपत्री चर्चा पुढे बरीच वर्षं चालली. चर्चा करणारे बहुतेक पुरुषच होते, हे सांगायला नकोच.

मुली गेल्या होत्या घरकामाला. बारा-तेराव्या वर्षी पहिली नोकरी शेजारच्या पाद्र्याकडे किंवा शेतकऱ्याकडे, मग बाजारगावात, मग शहरात. बाथ, चेल्टनहॅम, लंडनमधलं केन्सिंग्टन अशा सुखवस्तू ठिकाणी बायकांची संख्या फुगलेली दिसते ती यामुळेच. मुलगे शेतमजुरीवर गावात टिकत. अर्थात 1870 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेचा स्वस्त गहू आल्यावर तेही निघाले. 1885 मध्ये अर्न्स्ट जॉर्ज रॅव्हनस्टाइन या जर्मनीत जन्मलेल्या भूगोलतज्ज्ञाने शिरगणतीतली जन्मगावं तपासून स्थलांतराचे नियम मांडले. देशातल्या देशात बायका पुरुषांपेक्षा जास्त हलतात, समुद्रापार जाणाऱ्यांत मात्र पुरुष जास्त, हा त्यातलाच एक निष्कर्ष.

बेडफर्डशायर परगण्यात मात्र चित्र उलटं. तिथल्या खेड्यांत बायका-मुली दारात बसून गव्हाच्या काड्यांच्या वेण्या विणत. त्यांपासून ल्यूटन गावात टोप्या बनत. हातात पैसा येत असताना मोलकरीण व्हायला कोण जाईल? तिथे मुली राहिल्या आणि मुलगे बाहेर पडले.

वयाचे आकडे मात्र जपून वाचावे लागतात. 1841 च्या शिरगणतीत पंधरा वर्षांवरच्यांचं वय खालच्या पाचाच्या पटीत लिहायचा नियम होता, त्यामुळे 34 वर्षांचा माणूस 30 चा होई. 1851 पासून नेमकं वय विचारलं गेलं, तरी 40, 50, 60 या आकड्यांवर गर्दी होतीच. तिशी ओलांडलेल्या काही बायका दोन शिरगणत्यांमधल्या दहा वर्षांत सात-आठ वर्षांनीच मोठ्या होतात. म्हातारे मात्र वय वाढवून सांगत. मनोऱ्याच्या टोकाशी आणखी एक खूण सापडते: ग्रामीण वर्कहाऊसमध्ये आज्यांपेक्षा आजोबा जास्त. आजी लेकीच्या घरी नातवंडं सांभाळी, चूल बघे. काम न होणाऱ्या आजोबांचा घरात तसा काही उपयोग नव्हता.

त्याच व्हिक्टोरिया राणीच्या राज्यात, 1881 साली आपल्याकडेही खानेसुमारी झाली. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या भरली सुमारे दहा लाख, आणि बायका पुरुषांपेक्षा जास्त. इथून पुरुष गेले होते: गिरणीत, गोदीत, पलटणीत. तिकडे मुंबईत 1901 मध्ये हजार पुरुषांमागे बायका सहाशेच्या थोड्या वर. केन्सिंग्टनला भांडी घासायला खेड्यातली मुलगी लागत होती. मुंबईला गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, उभा राहायला पुरुष हवा होता. आणि भांडी घासायलाही बऱ्याच घरांत कोकणातला पुरुषच होता, इतका की त्याचं खरं नाव काहीही असो, मालकीण त्याला ‘रामा’ म्हणून हाक मारी.