डोळ्यांत पाणी येणं आणि बाजू घेणं

खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या गावांत जत्रेला नाहीतर गणपतीत नाटक बसवणाऱ्या मंडळांचं एक ठरलेलं माप असतं : बायका रडल्या, म्हणजे प्रयोग रंगला. हे माप अपुरं आहे. पात्रासाठी रडणं वेगळं आणि पात्राची बाजू घेणं वेगळं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून गल्लत होते. स्त्रीपात्राच्या वाट्याला बहुतेक वेळा नुसतं रडणं येतं. पुरुषपात्रासाठी रडू उशिरा येतं, पण बाजू आधीच घेतलेली असते.

‘एकच प्याला’ घ्या. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीनं हे नाटक रंगभूमीवर आणलं. दारूच्या आहारी गेलेल्या सुधाकराची बायको सिंधू हिच्यासाठी प्रेक्षक तेव्हापासून रडत आले आहेत. पण नाटक सुटल्यावर बाहेर चहा पिताना बोलणं निघतं ते सुधाकराचं : “एवढा हुशार माणूस, दारूनं वाया गेला.” याचं कारण संहितेतच आहे. सुधाकराचा भर कोर्टात झालेला अपमान, वकिलीच्या सनदेवर आलेलं गंडांतर, तळीरामानं पुढे केलेला पहिला प्याला, सोडण्याचा निश्चय आणि तो मोडणं, हे सगळं पायरीपायरीनं आपल्यापुढे येतं. त्याला लांबलचक स्वगतंही आहेत. त्यामुळे प्रेक्षक त्याच्या डोक्यात शिरून नाटक बघतो. सिंधूकडे मात्र तो समोरून बघतो. तिचं काय झालं ते त्याला कळतं, ती काय विचार करते ते फारसं कळत नाही.

खरं तर सिंधूही निर्णय घेते. ती श्रीमंत माहेरचा पैसा नाकारते आणि दळण दळून घर चालवते. शेवटी सुधाकरानंच तिला घाव घातला, हे ती फौजदारापासून लपवते. हे निर्णय आज कुणाला पटोत न पटोत, ते तिचे आहेत. पण आपल्याकडे ते बहुधा मान खाली घालून, हुंदके देत केले जातात. मग प्रेक्षक “धन्य ती माउली” म्हणतो आणि तिला देव्हाऱ्यात बसवून मोकळा होतो. देव्हाऱ्यात बसलेल्या बाईला ‘तुला काय हवं होतं?’ असं कुणी विचारत नाही.

हा बाईच्या देहाचा किंवा आवाजाचा परिणाम म्हणावा, तर सिंधू पहिल्यांदा रंगवली ती बालगंधर्वांनी. नट पुरुष होता, तरी लोक रडलेच. म्हणजे पात्र स्त्री आहे एवढं कळलं की वेदनेचा अर्थ बदलतो. मानसशास्त्रात याचा एक नेटका प्रयोग आहे. १९७६ साली कॉन्ड्री दांपत्यानं एकाच तान्ह्या बाळाची एकच फिल्म लोकांना दाखवली. झाकण उघडताच बाहुली उसळणाऱ्या डबीला बाळ दचकून रडतं. मुलगा आहे असं सांगितलेल्यांना त्या रडण्यात जास्त राग दिसला आणि मुलगी आहे असं सांगितलेल्यांना जास्त भीती. रागामागे कारण असतं असं आपण धरून चालतो, भीतीला मात्र नुसता आधार द्यावासा वाटतो.

पुरुषपात्रालाही याची किंमत मोजावी लागते, आणि ती लहान नाही. २००९ मध्ये ग्रे आणि वेगनर यांनी दाखवलं, की ज्याला आपण ‘करणारा’ मानतो त्याला दुखतं हे आपल्याला कमी जाणवतं. म्हणून बायकोनं लाटणं मारलं की मांडव हसतो आणि नवऱ्याला खरंच लागलं असेल हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. पुरुष पूर्ण कोसळल्याशिवाय त्याला रडायची मुभा नाही.

स्त्रीच्या दुःखात नुसती कीव येणं अटळ आहे का? सौंदत्तीच्या डोंगरावर जाऊन बघा. रेणुकेची कथा कीर्तनात आली, की पेच बहुतेक परशुरामाचा असतो : बापाची आज्ञा मोठी की आई? चौंडकं या तंतुवाद्यावर यल्लमाची, म्हणजे रेणुकेचीच, गाणी म्हणणाऱ्या जोगत्या, म्हणजे देवीला वाहिलेल्या बाया, त्याच कथेत रेणुकेच्या बाजूनं उभ्या असतात. देवीच्या वैधव्याच्या पुनवेला त्या स्वतःच्या बांगड्या फोडतात. तिथे कुणी हळहळून घरी जात नाही, दुःख वाटून घेतलं जातं. (देवीच्या नावानं मुली सोडण्याच्या प्रथेला कर्नाटकात १९८२ च्या कायद्यानं बंदी आली. ती प्रथा आणि ही गाणी एकाच मापानं मोजू नयेत.)

तालमीत हे तपासायला सोपं आहे. संहितेत प्रत्येक दुःखाच्या प्रसंगाआधी एक खूण करा : पात्राला इथे काय हवं होतं, आणि ते प्रेक्षकाला आधी कळलंय का? स्त्रीपात्रापुढे अशी खूण रिकामी राहिली, तर तिथे रडू येईल आणि तिथेच संपेल. पेटीवाल्याला सांगा, करुण सूर वाक्याआधी धरायचा नाही. सूर आधी आला की प्रेक्षक रडायला मोकळा होतो आणि शब्द ऐकत नाही. नटीनंही प्रेक्षकाच्या आधी रडू नये. दळणाच्या प्रसंगात जात्याचा खुंटा खरोखर ओढावा, श्वास लागला तर लागू द्यावा, बोलणं त्या श्वासातूनच यावं. हात कामात असले की चेहरा आपोआप आवरतो.

फौजदाराच्या प्रसंगात सिंधू लगेच उत्तर देते, तिथेच बहुतेक प्रयोग फसतात. प्रश्न आणि उत्तर यांच्यात तीन-चार सेकंद सोडा. तेवढ्या वेळात तिनं एकदा सुधाकराकडे बघावं, एकदा फौजदाराकडे, आणि मग बोलावं. ती खोटं बोलायचं ठरवतेय हे प्रेक्षकाला दिसू द्या. त्या वेळी सुधाकराच्या नटानं मोठ्यानं हंबरडा फोडला, तर सगळ्या नजरा त्याच्याकडे वळतात. त्याला पाठमोरा बसवा.