दिसला नाही म्हणजे नाहीच का?

आमच्याकडं पारावर देवाचा वाद निघाला की दोन वाक्यं हमखास येतात. एक जण म्हणतो, “आजवर कोणाले दिसला काय? नाई ना? मंग नाईच.” दुसरा लगेच, “नाई म्हणून सिद्ध करून दाखव. नाई जमत? मंग आहेच!” दोघंही एकाच खड्ड्यात पडतात, फक्त बाजू वेगळी. ‘असल्याचा पुरावा मिळाला नाही’ आणि ‘नसल्याचा पुरावा मिळाला’ यांची सरमिसळ झालेली असते.

ताडोबाच्या आजूबाजूच्या गावांत हा फरक कोणाला शिकवावा लागत नाही. रात्री पाऊस पडून गेला, धुऱ्यावर मऊ चिखल आहे आणि त्यावर वाघाचा एकही पंजा उमटलेला नाही, तर पावसानंतर वाघ इथून गेला नाही असं बेधडक सांगता येतं. खडकाळ बरडावर ठसा नसेल तर मात्र काहीच ठरत नाही, कारण वाघ गेला असता तरी तिथं ठसा उमटला नसता.

आपल्या जुन्या तर्कशास्त्रात याला ‘योग्यानुपलब्धी’ म्हणतात. असती तर दिसलीच असती अशी वस्तू दिसली नाही, तरच तिचा अभाव मानायचा. सुमारे हजार वर्षांपूर्वी तर्कपंडित उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’ या ग्रंथात हाच नियम ईश्वराच्या बचावाला आणला: ईश्वर डोळ्यांना दिसण्यासारखा नाहीच, तेव्हा तो न दिसणं हा त्याच्या नसण्याचा पुरावा होत नाही. इथवर ते बिनतोड आहेत. पण पुढं ते म्हणतात, मडक्याला कुंभार असतो तसा जगालाही कर्ता हवा. इथं माझं त्यांच्याशी जमत नाही. मडकी घडताना आपण पाहतो, जग घडताना कोणी पाहिलं? आणि वेद प्रमाण मानणाऱ्या कुमारिल भट्टांनीच त्यांच्या आधी जगाचा कर्ता नाकारला होता, हे विसरून कसं चालेल! जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनी 1781 साली दोन्ही बाजूंचे दरवाजे लावले: निव्वळ तर्कानं ईश्वर सिद्धही होत नाही आणि खोडूनही काढता येत नाही.

पारावरच्या दुसऱ्या गड्याला द्यायचं उत्तर छोटं आहे. दावा ज्याचा, पुरावा त्याचा. आणि ‘मला माहीत नाही’ म्हणणारा काही लपूनछपून भक्त नसतो. अशांसाठी इंग्रज शास्त्रज्ञ हक्सले यांनी 1869 साली वेगळं नावच काढलं, मराठीत आपण त्याला अज्ञेयवादी म्हणतो.

खोडून काढता येत नाही हे सगळ्याच देवांना लागू आहे का? नाही. देव सर्वशक्तिमानही आहे आणि पूर्ण दयाळूही, असं म्हटलं की काढणीला आलेल्या गव्हावरची गारपीट त्याच्या विरोधात उभी राहते. ‘त्याची लीला आपल्याला कळत नाही’ म्हटलं तर वाद मिटतो, पण मग ‘दयाळू’ म्हणजे नेमकं काय, हेही आपल्याला कळत नाही असं कबूल करावं लागतं. हे बहुतेक भक्त करत नाहीत.

त्याहून सोपा निकाल चमत्काराच्या देवाचा. अमुक देवाच्या ठाण्यावर नेलं की सापाचं विष उतरतं, हा दावा चिखलावरच्या ठशासारखा आहे. विष उतरतं की नाही ते दिसतंच. म्हणून 2013 च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्यात, साप किंवा विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र करणं गुन्हा ठरतं. देव आहे की नाही यावर तो कायदा एक शब्दही बोलत नाही, आणि त्याला तसं बोलायची गरजही नाही.

शेंडगावात 1876 साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी हा भेद तर्कशास्त्र न शिकता पाळला. नवसाचा देव आणि त्याच्यापुढं बकरं कापायची चाल ते कीर्तनात भर गर्दीत प्रश्न विचारून उघडी पाडायचे, आणि त्याच कीर्तनात गोपालाचा गजरही करायचे. पारावरचे दोघंही बाबांना आपल्याच बाजूचे समजतात.