सीआर ते केआरए: आधी शेरा आला, अपेक्षा नंतर

सरकारी नोकरीवाल्या घरात वाढलेल्या कुणालाही सीआर म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. साहेबाने सीआर खराब केला, सीआरपायी गप्प बसलो, हे जेवताना कानावर पडतंच. सीआर म्हणजे गोपनीय अहवाल, आणि तो होताही गोपनीय. वर्षभराच्या कामावर साहेब लिहिणार, त्याचा वरचा साहेब त्यावर मत देणार, आणि ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला कळणार कधी, तर शेरा प्रतिकूल असेल तरच. वर्षाच्या सुरुवातीला बसवून 'तुझ्याकडून हे हे हवंय' असं कुणी सांगायचा प्रश्नच नव्हता.

म्हणजे मोजमाप जुनं आणि अपेक्षा आधी सांगणं त्यामानाने नवीन. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कॉटलंडमधल्या न्यू लॅनार्कच्या सूतगिरणीत रॉबर्ट ओवेन प्रत्येक कामगाराजवळ लाकडाचा चौकोनी ठोकळा टांगायचा, काळी बाजू पुढे म्हणजे काम वाईट, मग निळी, पिवळी, आणि पांढरी म्हणजे उत्तम. निदान सगळ्यांना दिसायचं तरी, आणि पटलं नाही तर ओवेनकडे तक्रार करता यायची, जी सोय आपल्या सीआरमध्ये कित्येकांना नव्हती!

काम सुरू व्हायच्या आधी आकडा सांगायचं वेड फ्रेडरिक टेलर या अमेरिकन इंजिनिअरचं. बेथलेहेम स्टील या अमेरिकेतल्या पोलाद कंपनीत माणूस दिवसाला साडेबारा टन लोखंड उचलायचा, टेलर म्हणाला 47 टन उचलता येतं, मजुरी 1.15 डॉलरवरून 1.85 करतो, पण कधी उचलायचं कधी बसायचं ते आम्ही सांगणार. या कहाणीत बरंच तिखटमीठ आहे हे पुढच्या अभ्यासकांनी दाखवलंय, पण टार्गेट नावाची गोष्ट तिथून चिकटली ती चिकटलीच. 1954 मध्ये पीटर ड्रकर या व्यवस्थापन-लेखकाने त्यात मोठा बदल सुचवला, की मॅनेजरने आपली उद्दिष्टं स्वतः मांडावीत आणि वरिष्ठाशी बोलून पक्की करावीत. टेलरचा आकडा वरून यायचा, इथे निदान बोलणं अपेक्षित होतं.

आपल्याकडे याचं ठळक उदाहरण एल अँड टीचं. 1974 च्या सुमारास त्यांनी आयआयएम अहमदाबादच्या उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांना अप्रेझलची, म्हणजे कामाच्या मूल्यमापनाची, पद्धत तपासायला बोलावलं, आणि ते नुसता फॉर्म बदलून थांबले नाहीत, अप्रेझल, समुपदेशन, करिअर, ट्रेनिंग हे सगळं एकत्र बघणारा वेगळा एचआरडी (मनुष्यबळ विकास) विभागच सुचवला. केआरए (कुठल्या कामांची जबाबदारी तुझी), केपीआय (ती नीट झाली का हे मोजायचे आकडे) हे शब्द आता पुण्याच्या आयटीत पहिल्या नोकरीतल्या पोरालाही पाठ असतात. अर्थात केआरए कितीही नीट लिहिला तरी वर बेल कर्व्ह, म्हणजे ठराविक टक्के लोक वर, बाकीचे मधे आणि काही खाली अशी सक्तीची वाटणी, बसवला की संपलं, कारण टीममधल्या कुणाला तरी खाली ढकलावंच लागतं. मायक्रोसॉफ्टने ती सक्तीची रँकिंग 2013 मध्ये बंद केली.

सरकारी बाजूला धक्का कोर्टाने दिला. देव दत्त नावाचे बॉर्डर रोड्समधले (सीमाभागातले रस्ते बांधणारं सरकारी खातं) एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर, बढतीसाठी पाच वर्षं 'व्हेरी गुड' हवं, आणि 1993-94 ला पडलं होतं नुसतं 'गुड'. गुड काही प्रतिकूल नाही, मग कळवायचं कशाला, म्हणून कळवलंच नाही, आणि त्याच 'गुड'ने बढती अडवली. 2008 मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की कुठलाही शेरा असो, तो कळवलाच पाहिजे. पुढच्या वर्षी केंद्राने अहवाल पूर्ण दाखवायचा आदेश काढला, आणि एसीआरमधला (वार्षिक गोपनीय अहवाल, म्हणजे आपला सीआरच) 'गोपनीय' जाऊन एपीएआर, म्हणजे वार्षिक कामगिरी मूल्यमापन अहवाल, झालं.

आयएएस वगैरे अखिल भारतीय सेवांच्या 2007 च्या नियमांत त्याआधीच एक तक्ता आला होता, वर्षभरात कुठली कामं करायची, त्यातून काय साधायचं, सहा महिन्यांनी काय बदललं आणि शेवटी प्रत्यक्षात काय झालं. कागदावर अगदी ड्रकर. पण असले रकाने कुठल्याही ऑफिसात एकाच बैठकीत, एकाच पेनाने, वर्ष संपल्यावर भरले जातात अशी मला दाट शंका आहे, खाजगीवाले तर गेल्या वर्षीचंच कॉपी पेस्ट करतात.